नव्या गिऱ्हाइकाकडे कामाआधी पैसे कसे मागावेत: गावातल्या कारागिरांसाठी

यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याच्या बाजूला, रस्त्यालगत माझे फॅब्रिकेशनचे छोटे दुकान आहे. गेट, खिडक्यांच्या ग्रिल, टिनाचे शेड, वावराचे तारकुंपण आणि हंगामात अवजारांची दुरुस्ती अशी कामे मी करतो. दुकान टाकले त्या पहिल्याच वर्षी शेजारच्या गावच्या एका गृहस्थांनी नव्या घरासाठी बारा फुटांचे गेट सांगितले. माप घेतले, भाव ठरला, पण पैशाचे विचारायला संकोच वाटला म्हणून मी व्यापाऱ्याकडून उधारीवर माल आणून काम सुरू केले. गेटच्या वरच्या बाजूला त्यांना आडनाव लोखंडी अक्षरांत हवे होते, तेही मी पट्टी वाकवून, घासून, एकेक अक्षर जोडून बसवले. गेट तयार झाले आणि त्यांच्या घरात वाटण्या निघाल्या, बांधकाम थांबले. ते गेट माझ्या दुकानामागे कडुनिंबाला टेकून दोन पावसाळे उभे राहिले. माप दुसऱ्या कोणाच्या फाटकाला बसेना आणि परक्या आडनावाचे गेट कोणी अर्ध्या भावातही घेईना. शेवटी ती अक्षरे मीच ग्राइंडरने कापली आणि पाइप तुकड्या-तुकड्यांनी दुसऱ्या कामांत घातला. व्यापाऱ्याचे पैसे मात्र त्याच्या कितीतरी आधी, बायकोच्या बचत गटातून कर्ज काढून, द्यावे लागले होते.

त्या गृहस्थांना फसवायचे होते असे मला आजही वाटत नाही. त्यांच्या घरची अडचण माझ्या भांडवलावर येऊन पडेल अशी व्यवस्था मीच करून ठेवली होती. आयटीआय करून नव्याने दुकान टाकणाऱ्यांवर ही वेळ येऊ नये म्हणून, मी आज जी पद्धत पाळतो ती क्रमाने लिहितो. उदाहरणे माझ्या धंद्यातली आहेत. सुतारकाम, मोटर रिवाइंडिंग, शिवणकाम किंवा मंडप करणाऱ्यांना आकडे बदलून घ्यावे लागतील, क्रम मात्र तोच राहील.

१. आधी स्वतःचा हिशेब मांडा

किती पैसे आधी मागायचे, हे ठरवण्यापूर्वी त्या कामात तुमच्या खिशातून किती जाणार आहे हे कळले पाहिजे. त्यासाठी वहीच्या एका बाजूला माल आणि दुसऱ्या बाजूला मजुरी अशी दोन खाती लिहा. मालाच्या खात्यात चौकोनी पाइप, पत्रा, पट्टी, बिजागऱ्या, कडी-कोयंडा आणि गेटची चाके तर येतातच. नव्या माणसाच्या हिशेबातून हमखास सुटतात त्या वेल्डिंगच्या रॉड, कटिंगची चाके, रेडऑक्साईड, रंग, थिनर आणि माल आणायचे गाडीभाडे या गोष्टी. पाइप वीस फुटांच्या लांबीत मिळतो. तुम्हाला सोळा फूट लागत असला तरी पैसे वीस फुटांचे द्यावे लागतात, आणि उरलेला चार फुटांचा तुकडा कधी कामी येईल याचा भरवसा नसतो. म्हणून हिशेब पूर्ण लांबीचा धरा.

लोखंडाचा भाव स्थिर नसतो आणि व्यापारी आज सांगितलेला भाव दोन-चार दिवसांपलीकडे क्वचितच धरून ठेवतो. त्यामुळे तुम्ही गिऱ्हाइकाला दिलेल्या भावावरही तारीख हवी. “हा भाव अमुक तारखेपर्यंत, त्यानंतर मालाच्या भावाप्रमाणे फरक पडेल” एवढे वाक्य अंदाजपत्रकावर लिहिले की पुढचे पुष्कळ वाद टळतात. आगाऊ पैसे का हवेत, याचे सर्वांत सरळ उत्तरही याच वाक्यात आहे, कारण पैसे हाती आले त्या दिवशी माल उचलता येतो आणि गिऱ्हाइकालाही ठरलेलाच भाव पडतो.

२. रक्कम ठरवा: मालाचे पूर्ण आधी, मजुरी नंतर

आपल्याकडे “अर्धे आधी, अर्धे नंतर” असे सर्रास बोलले जाते. ते ऐकायला न्याय्य वाटते, पण माझ्या धंद्यात ते पुरत नाही. समजा, गेटचे एकूण २०,००० रुपये ठरले आणि त्यात १४,००० रुपये मालाचे व ६,००० रुपये मजुरीचे आहेत. अर्धे म्हणजे १०,००० रुपये घेतले तर माल आणतानाच ४,००० रुपये तुमचे गेले, शिवाय मजुरी अडकली ती वेगळीच. महिन्याला अशी चार कामे झाली की १६,००० रुपये तुमचे बाहेर असतात. भांडवल कर्जाचे असेल, मग ते बचत गटाचे असो की पीएम विश्वकर्मा योजनेतले, त्याचा हप्ता गेट बसायची वाट पाहत नाही.

माझा नियम असा आहे की नव्या गिऱ्हाइकाकडून मालाची पूर्ण रक्कम आधी घ्यायची आणि मजुरी काम झाल्यावर. मजुरी माझी स्वतःची आहे, ती मी विश्वासावर ठेवू शकतो. माल व्यापाऱ्याचा आहे, तो विश्वासावर द्यायचा मला अधिकार नाही.

मोठ्या कामात, उदाहरणार्थ जनावरांच्या गोठ्यावरच्या शेडमध्ये, एकदम सगळी रक्कम मागितली तर गिऱ्हाईक बिचकते आणि ते स्वाभाविक आहे. तिथे टप्पे करा. खांब आणि कैच्यांच्या मालाचे पैसे पहिल्यांदा घ्या, सांगाडा उभा राहिल्यावर पत्र्याचे घ्या, आणि पत्रे चढल्यावर मजुरी. पुढच्या टप्प्याचा माल पुढच्या टप्प्याच्या पैशातूनच यायला हवा.

ज्यांच्या धंद्यात माल थोडा आणि दिवस मोलाचा, त्यांचे गणित वेगळे असते. मंडपवाल्याने लग्नाची तारीख एका घराला दिली की त्या तिथीचे दुसरे काम त्याला सोडावे लागते, म्हणून तिथे तारीख धरून ठेवण्यासाठी इसार घेतात. मोटर रिवाइंडिंग किंवा कोणत्याही दुरुस्तीत गिऱ्हाइकाची वस्तू तुमच्याच ताब्यात असते. वस्तूवर श्रम व कौशल्य खर्च केले असेल आणि उलट काही ठरलेले नसेल, तर त्याचा मोबदला मिळेपर्यंत ती वस्तू ठेवून घेण्याचा हक्क भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १७० ने कारागिराला दिलेला आहे. तरीही तांब्याच्या तारेचे पैसे आधी घेतलेले बरे, कारण जुनी मोटर सोडून देणारे लोकही असतात.

३. माप घ्यायला जाताना सोबत काय न्यावे

ही तयारी पिशवीत कायम असू द्या, कारण पैसे देणारा तयार असतो तेव्हा पावती पुस्तक दुकानात राहिलेले असते, असे माझ्या बाबतीत अनेकदा झाले आहे.

- दुकानाचे नाव, पत्ता आणि मोबाईल क्रमांक छापलेले, कार्बन लावायचे पावती पुस्तक.
- कोऱ्या अंदाजपत्रकांचा गठ्ठा, ज्यात माल व मजुरीचे रकाने वेगळे असतील.
- एक रुपयाचे महसुली तिकीट. ५,००० रुपयांपेक्षा जास्त रकमेच्या पावतीला ते लावून त्यावरून सही करावी लागते.
- मापपट्टी आणि पूर्वीच्या कामांचे फोटो. नवे गिऱ्हाईक पैसे देण्याआधी तुमचे काम पाहू इच्छिते आणि त्याचा तो हक्क आहे.
- क्यूआर कोडचे कार्ड, आणि ज्या खात्यात पैसे येणार त्याची माहिती.
- उद्यम नोंदणीचा, म्हणजे लहान उद्योगांच्या सरकारी नोंदणीचा, कागद. ही नोंदणी सरकारी पोर्टलवर मोफत होते, त्यासाठी पैसे घेणाऱ्या दलालाकडे जाऊ नका.

वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असून राज्यातल्या राज्यात काम असेल, तर सहसा जीएसटी नोंदणी लागत नाही. ज्यांची नोंदणी आहे त्यांना आगाऊ रकमेसाठी वेगळे रिसीट व्हाउचर, म्हणजे आगाऊ रकमेची पावती, द्यावे लागते, तेव्हा त्यांनी आपल्या कर सल्लागाराकडून त्याचा नमुना करून घ्यावा.

४. मागायची वेळ आणि मागायचे शब्द

पैशाचा विषय माप घेतल्यावर, भाव सांगताना, त्याच दमात निघाला पाहिजे. भाव आज सांगितला आणि आगाऊ रकमेचे परवा फोनवर सांगितले, तर मधल्या काळात कोणीतरी आपल्याविषयी काही भरवले असे गिऱ्हाइकाला वाटते, आणि त्याचे वाईट वाटणे रास्त असते. पाहुणे-सोयरे बसलेले असताना किंवा पानठेल्यावर चारचौघांत पैसे मागू नका. ओसरीत, घरातल्या कर्त्या माणसासमोर आणि शक्यतो घरच्या बाईंसमोर बोला. घर कोणाच्या नावाचे आणि पैसे कोण देणार हेही तेव्हाच कळते. वाटण्यांमुळे अडकलेल्या गेटच्या वेळी मी हे विचारले नव्हते.

माझे वाक्य आता ठरलेले आहे: “काका, मालाचे चौदा हजार होतात. तेवढे दिले की परवा यवतमाळहून माल उचलतो. मजुरीचे सहा हजार गेट बसल्यावर, तुम्ही उघडझाप करून पाहिल्यावर द्या.” यात रक्कम आहे, ती कशासाठी हे आहे, काम कधी सुरू होणार हे आहे आणि बाकीचे पैसे काम पाहिल्यावरच द्यायचे आहेत याची खात्रीही आहे. “काही ॲडव्हान्स द्याल का?” असे मोघम विचारले की उत्तर पाचशेची नोट येते, आणि एकदा ती घेतली की काम स्वीकारल्यासारखे होते.

पुष्कळदा समोरून येते, “आतापासूनच पैसे? आमच्यावर भरोसा नाही काय, भाऊ?” एका वयस्क कास्तकारांनी मला असेच विचारले, तेव्हा मी म्हटले, “भरोसा आहे म्हणून तर माझी सहा हजारांची मजुरी तुमच्याजवळ ठेवून काम करतो, काका. लोखंडवाल्याले मात्र मले मोजून द्या लागते.” ते काही बोलले नाहीत. आत गेले, पेटीचे कुलूप उघडल्याचा आवाज आला, आणि रुमालात बांधलेल्या नोटा त्यांनी माझ्यासमोर दोनदा मोजल्या. नंतर त्यांच्याच भावकीतली तीन कामे मला मिळाली.

आगाऊ देण्याघेण्याची रीत गावाला नवी नाही, हे ध्यानात ठेवा. गुढीपाडव्याला सालगडी ठरतो तेव्हा उचल दिली जाते, बाजारात बैलजोडी पसंत पडली की इसार हातावर ठेवला जातो, बँडवाल्याला सुपारी दिल्याशिवाय तो तारीख लिहून घेत नाही. संकोच आपल्याच मनात असतो. दुसरा कारागीर एक पैसा न घेता काम करून देतो असे कोणी म्हटले, तर त्या कारागिराला नावे ठेवू नका. आपल्या दुकानाची पद्धत अशी आहे, एवढेच शांतपणे सांगा आणि ते काम गेले तर जाऊ द्या.

५. “कापूस विकला की देतो”

ग्रामीण विदर्भात ही अडचण सर्वांत मोठी आहे आणि ती खरी आहे, बहाणा नाही. कास्तकाराच्या हाती पैसा वर्षातून काही ठरावीक वेळीच येतो. जून ते सप्टेंबर घरातला सगळा पैसा बी-बियाणे, खत, फवारणी आणि निंदणात जातो. दसरा-दिवाळीच्या सुमारास सोयाबीन निघते. सीतादही, म्हणजे वेचणीआधीची शेतातली पूजा, होऊन वेचणी लागली की कापूस घरात येऊ लागतो, पण विकल्यानंतर चुकारा, म्हणजे मालाचे पैसे, खात्यात पडायला वेळ लागतो आणि त्यातून आधी कृषी केंद्राची उधारी वळती होते. पुढे तूर आणि हरभरा. वरुड-मोर्शीकडे संत्र्याच्या बहाराप्रमाणे हेच चक्र आणखी वेगळे फिरते.

म्हणून पावसाळ्यात आलेल्या कामाला नाही म्हणू नका आणि ते सुरूही करू नका. माप घ्या, अंदाजपत्रक द्या, आणि पैसे ज्या महिन्यात येणार त्या महिन्यात कामाचा क्रमांक लावा. “सोयाबीन विकले की मालाचे पैसे आणून द्या, त्या दिवसापासून दहाव्या दिवशी गेट बसते” असे सांगितले की कास्तकाराची अडचण राहत नाही आणि तुमचे भांडवलही अडकत नाही. मात्र भाव त्या वेळचा लागेल, हे आजच सांगून ठेवा.

घरकुलाची कामे अशाच रीतीने घ्यावीत. पंतप्रधान आवास योजनेचे (ग्रामीण) अनुदान सपाट भागात १ लाख २० हजार रुपये आहे आणि ते बांधकामाच्या टप्प्यांप्रमाणे लाभार्थ्याच्या खात्यात जमा होते. दारे-खिडक्यांची वेळ येईपर्यंत आधीचे हप्ते विटा, सिमेंट आणि सळाखीत संपलेले असतात. शेवटच्या हप्त्याच्या भरवशावर चौकटी देऊ नका, कारण घर पूर्ण झाल्याशिवाय तो हप्ता येत नाही, आणि उशीर झाला तर ज्याच्या हातात काहीच नाही अशा गरीब माणसाच्या दारात तुम्हाला तगादा लावत उभे राहावे लागते. मला ते करावे लागले आहे. चौकटींची रक्कम आधीच्या हप्त्यातून बाजूला काढून ठेवा, असे मी आता पाया खणतानाच घरमालकाला सांगतो.

६. पावती लिहा, आणि नेमका शब्द लिहा

तोंडी व्यवहारही कायद्याने करार होऊ शकतो, पण वाद झाल्यावर काय ठरले होते हे सिद्ध करणे जड जाते. पावतीवर तारीख, गिऱ्हाइकाचे नाव व गाव, कामाचे वर्णन मापासह, एकूण रक्कम, मिळालेली रक्कम, बाकी रक्कम आणि ती कधी द्यायची हे लिहा. खाली दोघांच्या सह्या घ्या आणि एक प्रत त्यांना द्या.

“इसार” आणि “आगाऊ रक्कम” हे शब्द आपण बोलताना एकाच अर्थाने वापरतो, कायद्यात त्यांत फरक आहे. इसार म्हणजे करार पाळण्याची हमी. तसे स्पष्ट लिहिलेले असेल आणि देणाऱ्याने करार मोडला, तर तो जप्त करता येतो. किमतीचा भाग म्हणून घेतलेली आगाऊ रक्कम मात्र सरसकट जप्त करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये जमिनीच्या एका व्यवहारात स्पष्ट केले. आपल्या कामात पावतीवर सरळ असे लिहावे: “ही रक्कम मालासाठी आहे. माल कापल्यानंतर काम रद्द झाल्यास मालाचा व झालेल्या मजुरीचा खर्च वजा करून उरलेली रक्कम परत दिली जाईल.” हे न्याय्य आहे आणि समोरच्यालाही पटते.

राहिलेल्या मजुरीसाठी दावा करायची वेळ आलीच, तर मुदत सामान्यतः काम झाल्यापासून ३ वर्षांची आहे. कागद तोवर जपून ठेवा.

७. पैसे खरेच आले का, हे पाहा

मोबाईलवर दाखवलेला फोटो म्हणजे पैसे नव्हेत. खोटे स्क्रीनशॉट सहज तयार होतात. आपल्या गावांत नेटवर्क नसल्याने संदेश उशिरा येतो हे खरे, पण खात्यात रक्कम दिसेपर्यंत माल आणायला निघू नका. चेक दिला असेल तर तो वटू द्या. चेक तारखेपासून ३ महिनेच चालतो, हेही पाहून घ्या. रोख घेणार असाल तर एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून अधिक रोख स्वीकारायला आयकर कायद्याने मनाई आहे.

एका सापळ्याविषयी विशेष सांगतो, कारण तो आगाऊ रकमेच्याच नावाने लावला जातो. अनोळखी माणूस फोन करून सैन्यातला अधिकारी असल्याचे सांगतो, मोठी ऑर्डर देतो, भावावर घासाघीस अजिबात करत नाही, आणि “ॲडव्हान्स पाठवतो, हा कोड स्कॅन करा आणि पिन टाका” म्हणतो. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्या खात्यातून जातात. असे झालेच तर त्याच क्षणी सायबर फसवणुकीच्या १९३० या सरकारी क्रमांकावर तक्रार करा आणि बँकेला कळवा, कारण वेळ गेला की रक्कम पुढे सरकते.

८. जिथे आगाऊ मिळत नाही

ग्रामपंचायत किंवा शाळेच्या कामात पैसे बहुधा काम झाल्यावर, मोजमाप आणि मंजुरीनंतरच निघतात. तिथे आगाऊ रकमेचा आग्रह चालत नाही, म्हणून तेवढे दिवस भांडवल अडकवायची ताकद असेल तरच काम घ्या, आणि लेखी आदेश हाती आल्याशिवाय पाइप कापू नका. ठेकेदाराच्या हाताखाली काम करताना मात्र मालाचे पैसे आधीच घ्या. “बिल निघाले की देतो” हे त्याचे आणि कार्यालयाचे आपसातले प्रकरण आहे. तुमची उद्यम नोंदणी सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून असेल, तर सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे खरेदीदाराने लेखी कराराने ठरलेल्या मुदतीत, जास्तीत जास्त ४५ दिवसांत, पैसे द्यायचे असतात आणि उशीर झाल्यास व्याजही मागता येते.

९. घेतलेली रक्कम सांभाळा

इथे चूक गिऱ्हाइकाची नसते, आपली असते. एकाच्या आगाऊ रकमेतून दुसऱ्याचा माल आणायची सवय लागली की तिसऱ्याच्या पैशांशिवाय पहिल्याचे काम पूर्ण होत नाही. अनेक चांगल्या हाताचे कारागीर याच पायी गावात तोंड लपवत फिरताना मी पाहिले आहेत. मी दुकानासाठी वेगळे बचत खाते ठेवले आहे. ज्या दिवशी रक्कम येते त्याच्या दोन-तीन दिवसांत त्या कामाचा माल आणून, त्यावर खडूने गिऱ्हाइकाचे नाव लिहून दुकानात वेगळा लावतो, आणि त्याचा फोटो त्यांना पाठवतो. दिलेल्या पैशाचे लोखंड झाले हे डोळ्यांनी दिसले की चौकशीचे फोन येत नाहीत.

वीज नसल्याने किंवा आजारपणाने उशीर होणार असेल तर गिऱ्हाइकाने विचारण्याआधी आपण कळवावे. माल कापण्यापूर्वी काम रद्द झाले तर रक्कम त्याच आठवड्यात परत करावी आणि परत दिल्याचीही सही घ्यावी.

१०. बाकी रक्कम घेण्याचा दिवस

गेट बसवायला जाण्याच्या आदल्या दिवशी फोन करून वेळ आणि बाकी रक्कम दोन्ही सांगा. बाजाराच्या दिवशी जाऊ नका, कर्ता माणूस घरी नसतो. गेट टांगल्यावर त्यांना स्वतः चार वेळा उघडझाप करू द्या, कडी लावून पाहू द्या, कुठे घासत असेल तर तिथेच दुरुस्त करा, आणि मग पावती पुस्तक काढा.

नावाची अक्षरे मी आता गेटला आधी जोडत नाही. ती वेगळ्या पट्टीवर करून, रंगवून, कागदात गुंडाळून सोबत नेतो. बाकी रक्कम मिळाली की ती पट्टी चार नट-बोल्टने वर बसवतो. घरातली मुले तेव्हा हमखास पान्याने बोल्ट आवळायला पुढे येतात, आणि मी त्यांना आवळू देतो.